पायाशी आलेला चेंडू

भिंत : ज्या कुणी हे ठरवलंय ना, त्याला डोळे नाहीत! कमिटी असो, अध्यक्ष असो, नाहीतर पडद्यामागे बसलेला आणखी कुणी शहाणा असो. आपल्या क्लबात चेंडू कुणाच्या घरी जायचा हे ठरवणारा माणूस आंधळा आहे, पक्षपाती आहे आणि वर भेकड आहे. समोर यायची हिंमत नाही त्याच्यात. लिहून घे हवं तर.

कॅप्टन : हातात ब्रश आहे माझ्या, पेन नाही. बस खुर्चीत. मान मागे टाक.

भिंत : दाढी करायला नाही आलो मी.

कॅप्टन : मग सलूनमध्ये कशाला आलास? तेही तोंडावर आठवड्याचे खुंट वाढवून. बस. उद्या मॅच आहे. समोरच्या टीमला वाटेल, आम्ही आमची ‘भिंत’ दवाखान्यातून उठवून आणलीय.

भिंत : उद्या मी येत नाही. ही घे जर्सी. चार नंबर. धुतलेली आहे. दे तुमच्या त्या लाडक्याला.

कॅप्टन : कोण लाडका?

भिंत : माझा मेव्हणा.

कॅप्टन : आपला मेव्हणा.

भिंत : बघ! हेच! अरे, माझ्या बायकोचा भाऊ तो. मेव्हणा माझा. मी त्याला मैदानावर आणला, सगळ्यांना म्हटलं, हा माझा मेव्हणा. झालं! दुसऱ्या दिवसापासून गोलकीपर म्हणतो मेव्हणा, ड्रायव्हर म्हणतो मेव्हणा. परवा तर रेफरी म्हणाला, ‘मेव्हणे, ऑफसाइड.’ तुमच्या सगळ्यांच्या बायका काय त्याच्या बहिणी लागतात?

कॅप्टन : त्याचं गोत वाढलं, तर वाईट काय झालं?

भिंत : माझं कमी झालं ना!

कॅप्टन : हं. फेस लावतोय, तोंड मीट जरा.

भिंत : नाही मिटत. तूच सांगितलं होतंस मला, याच खुर्चीत बसवून. म्हणालास, ही आपली गुडघे गेलेल्यांची टीम. अर्धा वेळ आपण बॉलच्या मागे असतो आणि अर्धा वेळ श्वासाच्या. इथे कुणी कुणाला ‘बरा आहेस का’ असं विचारत नाही. कारण आपल्या वयाच्या गड्याला विचारलं की तो ‘मस्त’ म्हणतो आणि घरी जाऊन तोंड फिरवून पडून राहतो. म्हणून मॅच संपली की चेंडू गुपचूप कुणाच्या तरी बॅगेत जातो. ज्याचं काही खरं नाही त्याच्या. तो त्याने आठवडाभर घरी ठेवायचा आणि रविवारी आणायचा. क्लबात चेंडू एकच. तो आला नाही तर मॅच नाही. म्हणजे झक मारत यावंच लागतं.

कॅप्टन : आणि त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही, हेही सांगितलं होतं.

भिंत : काढणार! गोलकीपरची बेकरी जळाली, चेंडू त्याच्याकडे गेला. बरोबर. ड्रायव्हरची बायको घर सोडून गेली, त्याच्याकडे गेला. तेही बरोबर. मेव्हण्याची बायको वारली, फोटो स्टुडिओ बंद पडला, तेव्हा त्याच्याकडे गेला. मीच म्हणालो, बरं झालं. पण किती दिवस? लोक महिन्याभरात मोकळा करतात. याच्याकडे तो घरजावई होऊन बसलाय!

कॅप्टन : डावीकडे वळ.

भिंत : आणि चेंडू एकटा जात नाही. मागोमाग सगळी वरात जाते. गोलकीपर रोज सकाळी ताजा पाव पोचवतो. ड्रायव्हर औषधं आणून देतो. आणि तू? तू भर दुपारी दुकान बंद करून त्याच्या घरी केस कापायला गेलास!

कॅप्टन : ताप होता त्याला.

भिंत : तापात केस कापतात?

कॅप्टन : गप्पा मारायला गेलो होतो. कात्री खिशातच असते.

भिंत : नळ गळत होता त्याचा, तर कुणाला बोलावलं? ड्रायव्हरला! अरे, जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या मी. मोटरला नुसता कान लावून सांगायचो, कुठे दुखतंय. माझ्या घरापासून त्याचं घर हाकेवर. आणि नळ कोण उघडतं? ड्रायव्हर. वॉशर उलटा बसवलाय त्याने. उलटा! मी नंतर जाऊन बघितला.

कॅप्टन : मग सांगितलंस?

भिंत : नाही. म्हटलं, गळू दे.

कॅप्टन : धन्य आहेस.

भिंत : आणि माझी बायको. रोज दुपारी डबा घेऊन भावाकडे. माझं ताट झाकलेलं असतं ओट्यावर. परवा मी तिच्या मागोमाग गेलो. जिन्यात उभा राहिलो. आत हसत होती, कॅप्टन. मोठ्याने. माझ्या घरात ती अशी शेवटची कधी हसली, मला आठवत नाही.

कॅप्टन : बहीणभाऊ आहेत. त्याचाही मत्सर करतोस?

भिंत : करतो! चारचौघांत सांगतो, माईक दे, माईकवर सांगतो. जळतो मी त्याच्यावर. रात्री कूस बदलली की पहिला विचार हाच येतो, चेंडू आता त्याच्या पलंगाखाली असेल. कुणी विचारलं मला? माझं काय चाललंय, कुणी विचारलं?

कॅप्टन : तुला चेंडू हवाय.

भिंत : मी कुठे तसं म्हणालो?

कॅप्टन : हवा असेल तरी मागायचा नसतो. मागणाऱ्याला तो मिळत नाही, एवढं लक्षात ठेव.

भिंत : हा नियम कुणाचा? ठरवतं कोण? नाव सांग.

कॅप्टन : ते मी सांगू शकत नाही. आता वस्तरा लावतोय. हललास तर आपल्याला नवा बॅक शोधावा लागेल.

भिंत : शोध. नाहीतरी तू...

कॅप्टन : गप्प. आता तुला बोलता येत नाही, म्हणून मी बोलतो. समोरच्या उंच बिल्डिंगचा वॉचमन माझ्याकडे केस कापतो. म्हणाला, एक माणूस रोज दुपारी येतो. लिफ्टमध्ये शिरतो, वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. कुणाच्या घरी जात नाही, कुणाशी बोलत नाही. आधी वाटलं चोर असेल. मग वाटलं, वेडा असेल. चेहरा सांगितला त्याने. मी म्हटलं, तो आमचा बॅक आहे, त्याला अडवू नका.

भिंत : अं...

कॅप्टन : हलू नकोस, हनुवटीशी आहे. हं. झालं. बोल आता.

भिंत : तिथल्या मोटरचा आवाज बदललाय. बेअरिंग जातंय. ऐकायला जातो मी.

कॅप्टन : तू रिटायर झालास ना?

भिंत : कान थोडेच रिटायर होतात? कंपनीत जाऊन सांगितलं. तिथली नवी पोरं म्हणाली, ‘थँक यू काका, बघतो.’ काका! त्यांना हातात पाना धरायला मी शिकवलं.

कॅप्टन : काय रे, बरा आहेस ना?

भिंत : मस्त.

कॅप्टन : वाटलंच मला. डोळे मीट. गरम टॉवेल टाकतो, पडून राहा जरा. तोंडाला विश्रांती दे, माझ्याही कानांना मिळेल.

(भिंतीच्या चेहऱ्यावर टॉवेल, अंगावर गळ्यापासून पायांपर्यंत पांढरी चादर. दुकानाचं दार उघडतं.)

मेव्हणा : कॅप्टन, आहात का? दिवा दिसला म्हणून आलो.

कॅप्टन : गिऱ्हाईक आहे. नंतर ये.

मेव्हणा : झोपलंय की गिऱ्हाईक. मी हळू बोलतो. उद्या काय करू तेवढं सांगा.

कॅप्टन : उद्याचं उद्या बघू.

मेव्हणा : उद्या उशीर होईल हो. भावोजी पुन्हा तेच करणार.

कॅप्टन : अहं. अहं, अहं.

मेव्हणा : घसा बसलाय का? गरम पाणी प्या. मी काय म्हणतो, माझं डोकं चालेनासं झालंय. आधी मी चेंडू सरळ त्यांच्या बॅगेत टाकायला गेलो, तर बॅगेला कुलूप. बुटांच्या बॅगेला कुलूप कोण लावतं हो? मग तुम्ही म्हणालात, बॅगेला टेकवून ठेव. ठेवला. भावोजी आले, ‘कुणाचा रे हा पसारा?’ म्हणून ओरडले आणि अशी लाथ घातली की चेंडू पार कुंपणापलीकडे. पुढच्या रविवारी बॅगेवर ठेवला. खाली पाडून उडवला. गेल्या रविवारी त्यांच्या पंच्यात गुंडाळून ठेवला. पंच्यासकट उडवला!

कॅप्टन : बॅक आहे ना तो. पायाशी चेंडू आला की लांब मारायचा, हेच केलंय त्याने आजवर. आता जा तू, खरंच जा.

मेव्हणा : मी हातातच देऊन टाकू का?

कॅप्टन : हातात देत नाहीत. हातात दिला की कारण सांगावं लागतं.

मेव्हणा : सांगेन की. मला माहीत आहे कारण. ताई रोज येते ती काय मला डबा द्यायला? मला येतं आता रांधायला, तिच्यापेक्षा मीठ बरं पडतं माझं. ती बोलायला येते. सांगते, हे सकाळी उठतात, कामावर जायचे बूट घालतात, फीत बांधतात आणि खिडकीशी बसतात. नोकरी सुटली, बूट सुटत नाहीत. काही विचारलं तर म्हणतात, मस्त. मी उगाच काहीतरी वेडंवाकडं बोलून तिला हसवतो. हसते बिचारी. आणि निघाली की जिन्यात थांबून डोळे पुसते.

कॅप्टन : पुरे रे बाबा.

मेव्हणा : पुरे कसं? माझं झालंय, कॅप्टन. मी वेळेवर उठतो, आंघोळ करतो, स्टुडिओचं शटर वर करतो. गिऱ्हाईक नसलं तरी वर करतो. मला त्या चेंडूची गरज नाही आता. आणि तो माझ्याच घरी. येता-जाता दिसतो. मला तर वाटायला लागलंय, भावोजींची वस्तू मी चोरून ठेवलीय.

भिंत : टॉवेल काढ.

मेव्हणा : हां? काही म्हणालात, काका?

भिंत : काका कुणाला म्हणतोस? कॅप्टन, टॉवेल काढ. गार झालाय कधीचा.

मेव्हणा : भावोजी! अहो... आहात का तुम्ही? म्हणजे, होतात का तुम्ही?

भिंत : होतो. सगळा वेळ होतो. माझ्या बायकोचं रडणं सलूनमध्ये येऊन सांगतोस?

मेव्हणा : मग कुठे सांगू? तुमच्या घरी येऊन सांगितलं असतं, तर चहा पाजून परत पाठवलं असतंत.

भिंत : ...तुझ्या नळाचा वॉशर उलटा आहे.

मेव्हणा : तरीच! मी रोज बादली लावतो खाली.

भिंत : हात लावू नकोस. मी येऊन बघतो. आणि मला आता एकच सांग. मला चेंडू द्यायचा, असं तुला सांगितलं कुणी? कमिटीने? अध्यक्षाने?

मेव्हणा : कसली कमिटी?

कॅप्टन : हे सांगायचं नसतं, मेव्हण्या.

मेव्हणा : आता काय उरलंय सांगायचं? भावोजी, कुणीच ठरवत नाही हो. ज्याच्याकडे चेंडू असतो, तोच बघतो पुढे कुणाला द्यायचा. माझ्या बॅगेत ड्रायव्हरने टाकला. त्याच्या बॅगेत गोलकीपरने. वर कुणी बसलेलं नाही.

भिंत : खोटं! इतकी वर्षं मी क्लबात आहे. मग मला का माहीत नाही?

कॅप्टन : ज्याच्या घरी चेंडू एकदा राहून जातो, त्यालाच हे कळतं. तुझ्या घरी तो राहिलाच नाही.

भिंत : का नाही राहिला? माझी पोरगी लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली, घर खायला उठलं होतं, तेव्हा कुठे मेला होतात सगळे?

कॅप्टन : तेव्हा चेंडू माझ्याकडे होता.

भिंत : मग?

कॅप्टन : तेव्हाही तुझ्या बॅगेला कुलूप. मी बॅगेशी ठेवला. तू धावत आलास आणि सरळ नाल्यात मारलास. मी गुडघाभर चिखलात उतरून काढत होतो आणि तू काठावरून ओरडत होतास, ‘कॅप्टन, साधा एक चेंडू सांभाळता येत नाही तुला?’

भिंत : ...तो चेंडू होय?

कॅप्टन : तोच.

भिंत : मग तेव्हाच का नाही सांगितलंस, गाढवा?

कॅप्टन : सांगायचं नसतं म्हणून. आणि खरं ऐकायचंय? बरंच वाटलं मला. म्हटलं, याने उडवला म्हणजे याला नकोय. भिंत आहे, हिला कशाला टेकू? सगळ्यांनाच तसं वाटत आलं. सोपं पडायचं.

भिंत : म्हणजे तुम्हाला सोपं पडावं, म्हणून मी मस्त?

मेव्हणा : भावोजी, मी निघतो. ताई अजून माझ्याच घरी आहे. म्हणाली, आज जरा थांबते. तिला काय सांगू?

भिंत : सांग, दाढी केली.

मेव्हणा : एवढंच?

भिंत : आणि सांग, पान्यांचा डबा काढून ठेव. माळ्यावर, डाव्या हाताला आहे. उद्या नळाचं बघायचंय.

मेव्हणा : आणि मॅचचं?

भिंत : जा रे तू. दार उघडं टाकून उभा आहेस, डास येतायत आत.

मेव्हणा : येतो, कॅप्टन. येतो, भावोजी.

भिंत : ...गेला?

कॅप्टन : गेला. तुरटी फिरवतो, चुरचुरेल.

भिंत : फिरव. आधीच चुरचुरतंय. गुणी आहे रे हा. राग आणतो मेला, इतका गुणी आहे. त्याच्यावर धड जळूही देत नाही.

कॅप्टन : जर्सी इथेच ठेवून जातोयस का?

भिंत : राहू दे. उद्या तू मैदानावर घेऊन ये.

कॅप्टन : बरं. आणि त्या बॅगेला कुलूप कशाला रे?

भिंत : सवय. हत्यारांची बॅग ती. कामावर एकदा कुणीतरी माझा चांगला पाना लांबवला. तेव्हापासून लावतो.

कॅप्टन : आता काय असतं आत?

भिंत : बूट. मोजे. गुडघ्याची पट्टी.

कॅप्टन : मोजे कोण चोरणार तुझे? चोर परत आणून देईल, वर साबण देईल.

भिंत : हस. उद्या नाही लावत. चेन पूर्ण उघडी ठेवतो, बाकाच्या टोकाला, सगळ्यांना दिसेल अशी. मग तर तो टाकेल ना?

कॅप्टन : तू मागितलास आता. मागणाऱ्याला...

भिंत : मी मागितला नाही! मी टॉवेलखाली होतो.

कॅप्टन : तेही खरं. पण एक आहे. गोलकीपरची आई परवा न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. मेव्हण्याला अजून कळलेलं नाही. उद्या मैदानावर कळेल.

भिंत : घ्या! आता गोलकीपर!

कॅप्टन : अरे, त्याची आई आहे.

भिंत : वाईट झालं. खरंच वाईट झालं, जाऊन येईन मी. पण त्याला तीन भाऊ आहेत, कॅप्टन. बेकरी पुन्हा उभी राहिलीय. त्याच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. आणि चेंडू एकदा राहून गेलाय त्याच्याकडे. माझ्याकडे... बघ, जळायचं काही जात नाही माझं.

कॅप्टन : मी काही ठरवत नाही. मेव्हण्याच्या हातात आहे ते.

भिंत : माहीत आहे. वर कुणी नाही. कुणी असता तर बरं झालं असतं, त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो. मला तू एक सांग. मी उद्या येतो. बॅग उघडी ठेवतो. पायाशी काही आलं तर लाथ मारणार नाही, हात पाठीमागे बांधून उभा राहतो. मॅच संपली. सगळे पांगले. मी बॅग उचलली आणि ती हलकीच लागली, तर?

कॅप्टन : ...

भिंत : वस्तरा माझ्या गळ्याला होता, तू का गप्प? सांग ना. हलकी लागली, तर मी काय करायचं?